विनिपेगचा निकाल

"तुम्ही दोघं एकदा बाहेर जेवायला का जात नाही?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

मी श्रीरंगकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. खोलीत कूलर एवढ्या जोरात घरघरत होता की ऐकण्यात चूक झाली असावी असं मला वाटलं.

"मॅडम, आमचा घटस्फोट झालाय," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली."

"तो तिकडे, कॅनडात." बाईंनी समजुतीचा सूर लावला. "इथे अजून तुम्ही नवरा-बायको आहात. निदान न्यायाधीशसाहेब काही ठरवेपर्यंत तरी. आणि नवरा-बायको समोर बसलेत म्हटल्यावर संसार सावरतो का हे पाहणं माझं कामच आहे."

"पण आम्ही भांडत नाही आहोत."

"तेच म्हणते मी. भांडत नाही, एकमेकांबद्दल वाईट बोलत नाही, एका रिक्षातून आलात. मग अडचण काय आहे?"

श्रीरंगने कॅलेंडरवरची नजर काढली आणि तो हळूच म्हणाला, "जेवायला जायला हरकत नाही."

बाईंनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात आमच्या वकील, टेंभेकर मॅडम, पदराने वारा घेत उभ्या होत्या. साठी उलटलेली बाई, आवाज असा की शेजारच्या कोर्टातला साक्षीदार दचकावा. "झालं समुपदेशन?" त्यांनी विचारलं.

"त्या आम्हाला जेवायला पाठवून राहिल्या," मी म्हटलं.

"मग जा की. तेवढाच त्यांचा अहवाल भरेल."

हे सगळं एका दातांच्या तपासणीपासून सुरू झालं होतं. मी दंतवैद्य. प्रतापनगरात माझा दवाखाना आहे, तेव्हाही होता. लग्नानंतर मी श्रीरंगबरोबर विनिपेगला गेले होते. माझी पदवी तिथे चालत नव्हती. परीक्षा द्यायच्या, पुन्हा शिकायचं, तोवर एका दुकानात चष्म्यांच्या फ्रेमा पुसायच्या. तीन हिवाळे काढले. मग बाबांचा आजार निघाला, मी नागपूरला आले, बाबा गेले, आणि मी परत गेले नाही. भांडण असं झालंच नाही. फोन आठवड्याचे होते ते महिन्याचे झाले. मग एक दिवस कुरियरने तिथल्या कोर्टाचे कागद आले, आणि पुढे काही महिन्यांनी निकाल. मी दोन्ही पाकिटं कपाटात ठेवली आणि लोकांना सांगायला लागले, की माझा घटस्फोट झालाय.

निकालानंतर दोन वर्षांनी एका शिशुगृहात मुलांचे दात तपासायला गेले होते. मैना तिथली. तीन वर्षांची असेल. आरसा तोंडात घातला तर तिने माझं बोटच चावलं, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मी रडते का हे बघायला. मी नाही रडले. त्यानंतर मी दर शनिवारी जायला लागले. सहा महिन्यांनी संस्थेच्या अधीक्षिका निर्मलाताई उके यांना म्हटलं, मला ही मुलगी दत्तक घ्यायची आहे.

निर्मलाताईंनी माझे कागद पाहिले आणि तेवढ्यावर न थांबता संस्थेच्या वकिलांना दाखवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "डॉक्टर, तुम्ही तर विवाहित आहात."

"घटस्फोटित," मी म्हटलं.

"आमचे वकीलसाहेब म्हणतात, विवाहित."

मी टेंभेकर मॅडमकडे धावले. त्यांनी विनिपेगचा निकाल चष्मा वर करून, खाली करून वाचला. "तुम्ही तिथे हजर होता?"

"नाही."

"वकील दिला होता? लेखी होकार दिला होता?"

"नाही. मी काहीच कळवलं नाही."

"आणि कारण काय दिलंय, तर वर्षभर वेगळे राहतात. बस. आपल्या कायद्यात हे कारण बसत नाही, आणि तुमच्या पाठीमागे झालेला निकाल आपलं कोर्ट मानत नाही. तिकडे तुम्ही मोकळ्या, इकडे पातुरकरांच्या सूनबाई."

"मग दत्तक?"

"विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मूल दत्तक घेता येत नाही. नवरा घेतो, बायको संमती देते."

तेव्हा कायदा तसाच होता. पुढे बदलला.

दोन वाटा होत्या. इथे नव्याने परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा, तर निदान सहा महिने थांबा. किंवा विनिपेगचा निकाल आम्हा दोघांनाही मान्य आहे असं कोर्टापुढे येऊन सांगायचं आणि तोच इथे ग्राह्य धरा म्हणायचं. "न्यायाधीश मानू शकतात," मॅडम म्हणाल्या. "शकतात म्हणते मी. मानतीलच असं नाही. पण त्याला मात्र यावं लागेल." मैनासाठी अकोल्याच्या एका जोडप्यानेही अर्ज केला होता आणि संस्थेची समिती पावसाळ्याच्या तोंडावर ठरवणार होती. मी श्रीरंगला फोन केला. इकडे येऊन तो अडचणीत सापडावा असं बरंच होतं. तिकडे त्याने दुसरं लग्न केलं होतं, आणि इथल्या कायद्याने पहिलंच मोडलेलं नव्हतं. तो नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. तो म्हणाला, "एप्रिलमध्ये येतो."

एवढ्या सहज का येतोय, हे मी विचारलं नाही.

जेवायला आम्ही हॉटेलात गेलो नाही. समुपदेशनाचं ऐकून सासूबाईंनी धरमपेठेतल्या घरी बोलावलं. मी त्यांना सासूबाई म्हणते हेही एक गोंधळाचंच होतं. निकालाचं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कॅनडातलं कॅनडात. माझ्या घरातून तुझं नाव कोणी खोडलं नाही," आणि दर संक्रांतीला वाण घेऊन माझ्या दवाखान्यात हजर व्हायच्या. पेशंटना सांगायच्या, ही माझी सून. मी हसून सोडून द्यायचे. आता कायदाही त्यांच्याच बाजूचा निघाला होता.

वडाभात केला होता. तेलाची फोडणी त्यांनी आधी माझ्या ताटात घातली, मग मुलाच्या.

"काय म्हणाली ती बाई?" त्यांनी विचारलं.

"अडचण काय आहे, म्हणाल्या," श्रीरंग म्हणाला.

"बघ! शहाणी बाई आहे."

"आई," मी म्हटलं, "श्रीरंगचं तिकडे लग्न झालंय."

सासूबाईंनी श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंगने भातात बोटं फिरवली. मला वाटलं मी जेवताना नको ते बोलले.

हात धुताना तो म्हणाला, "मला ती मुलगी दाखवशील?"

शनिवारी आम्ही गेलो. मैना अनोळखी पुरुष दिसला की निर्मलाताईंच्या साडीत शिरायची. श्रीरंगने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो जमिनीवर बसला, खिशातला रुमाल काढला आणि त्याचा उंदीर करायला लागला. नीट जमत नव्हता. कान एकीकडे, शेपूट दुसरीकडे. मैना लांबून बघत राहिली, मग जवळ आली, मग तिने तो रुमाल त्याच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः करायला बसली. थोड्या वेळाने ती त्याच्या मांडीला टेकली होती.

त्याला हे येतं हे मला माहीत नव्हतं. आठ वर्षं ओळखत होते मी त्याला.

निर्मलाताईंचा चेहरा उजळला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर, रागावू नका हं. पण कायद्याने तुम्ही जोडपं आहातच. मग हे कोर्टबिर्ट कशाला? दोघांनी मिळून अर्ज केला तर समिती या महिन्यात निर्णय घेईल. अकोल्याच्यांचा अर्ज तुमच्या मागूनचा आहे."

बाहेर आल्यावर लिंबाच्या सावलीत आम्ही रिक्षाची वाट पाहत उभे होतो. श्रीरंग म्हणाला, "मी ऐकलं, त्या काय म्हणाल्या ते."

"हो ना. सोपं वाटतं त्यांना."

"सोपं नाही का?"

मी रस्त्याकडे बघणं सोडून त्याच्याकडे वळले.

"डायना मला सोडून गेली, शुभा. गेल्या वर्षी. आमचाही झाला, घटस्फोट. आईला माहीत आहे. तुला सांगायचं होतं, पण फोनवर…" त्याने रुमालाने मान पुसली. "मी विचार करत होतो. इथे आपण अजून आहोतच. काही मोडायला नको, काही जोडायला नको. केस मागे घेऊ. मैना आपली होईल. मग तुम्हा दोघींना मी घेऊन जातो."

रिक्षा आली. आम्ही बसलो. तो रस्ताभर बाहेर बघत होता आणि मी माझ्या पर्सची चेन उघडत, लावत होते.

त्या दोन दिवसांत मी काय केलं ते नीट आठवत नाही. एका पेशंटची चुकीची दाढ सुन्न केली आणि वेळेत लक्षात आलं म्हणून वाचले. मला त्याच्याबरोबर परत राहायचं होतं का? नाही असं छातीठोकपणे म्हणता येईना. रुमालाचा उंदीर सारखा डोळ्यांपुढे येत होता. सासूबाईंचा फोन आला. "मी काही म्हणत नाही बाई. पण देवानेच गाठ राखून ठेवली, असं वाटून राहिलं मला." त्या रडत होत्या. मीही रडले, पण कशासाठी ते मला कळलं नाही.

सोमवारी मी टेंभेकर मॅडमच्या ऑफिसात गेले. "केस मागे घेतली तर?" मी विचारलं.

"घेता येईल. उद्याच. त्याच्याबरोबर राहायचंय तुम्हाला?"

"माहीत नाही. मुलगी हवी आहे."

"मिळेल. तो दत्तक घेईल, तुम्ही संमती द्याल. झालं."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि परत वळले. "मॅडम, आम्ही तिकडे गेलो, तर तिकडे मी तिची कोण?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"इथे मी त्याची बायको. पण तिकडे निकाल लागलेला आहे. तिकडे तो मैनाचा बाप. आणि मी?"

मॅडमचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बाई, तिकडचा कायदा मी शिकलेली नाही. पण तिकडे तुम्ही तिच्या बापाची पूर्वीची बायको. मुलगी त्याने घेतलेली. उद्या तुमचं बिनसलं, तर तुम्हाला कोणत्या नात्याने उभं करायचं, ते मला तरी आज सांगता येत नाही."

संध्याकाळी मी धरमपेठेत गेले. श्रीरंग गच्चीवर होता. मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो प्रामाणिकपणे चकित झाला.

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण त्यात काय, आपण तिकडे पुन्हा लग्न करू."

"आणि इकडे?"

"इकडे झालेलंच आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू फुटलं. खूप हसलो. खालून सासूबाईंनी काय झालं म्हणून हाक मारली. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "श्रीरंग, तुला मी हवी आहे का?"

समोरच्या गच्चीवर कोणीतरी कुरडया गोळा करत होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "घरी गेल्यावर दिवा आपल्यालाच लावावा लागतो, एवढंच माहीत आहे."

खोटं बोलला असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं.

"उद्या कोर्टात ये," मी म्हटलं. "जबाब आहे." त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. समुपदेशक बाईंनी अहवाल दिला होता, प्रयत्न केला, उपयोग झाला नाही. आमच्या आधी दोन प्रकरणं होती. एका प्रकरणातली बाई आतून रडत बाहेर आली, तिच्यामागे तिचा भाऊ. श्रीरंग त्यांच्याकडे बघत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ते कागद आले तेव्हा तू काहीच का कळवलं नाहीस?"

"मला वाटलं, कागदांच्या मागून तुझा फोन येईल."

तो म्हणाला, "माझा वकील म्हणाला होता, तिने एक पत्र पाठवलं, मला हे मंजूर नाही म्हणून, तरी प्रकरण लांबेल. मी रोज पोस्टाची पेटी बघायचो. तारीख दोनदा पुढे ढकलून घेतली मी."

कागद यायच्या आधी आणि नंतर, त्या सबंध हिवाळ्यात मी इथे फोनशेजारी होते.

"हे तू आत्ता सांगतोस," मी म्हटलं.

"तू आत्ता विचारू दिलंस."

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला. "शुभदा श्रीरंग पातुरकर!"

मी उठले. टेंभेकर मॅडम दारातून हात हलवत होत्या. मला वाटलं, थांबावं. आज तब्येत बरी नाही म्हणावं, तारीख घ्यावी. सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलावं, तो फोन, ती पोस्टाची पेटी. आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं की आम्ही दोघं असेच आणखी एक तारीख घेऊ, मग आणखी एक, आणि तिकडे मैनाला अकोल्याचे लोक घेऊन जातील. मी आत गेले.

न्यायाधीश तरुण होते, सर्दी झालेले. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला. "बाई, मला नीट समजू द्या. सहसा लोक माझ्याकडे घटस्फोट मागायला येतात. तुम्ही म्हणताय, झालेला आहे, तो झाला असं म्हणा."

"हो."

"त्या वेळी तुम्ही हजर नव्हता. होकारही दिला नव्हता. तेव्हा तो तुम्हाला मान्य होता का?"

मॅडमनी मला पढवलं होतं, होता म्हणायचं. श्रीरंग माझ्या डाव्या हाताला उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"तेव्हा मला तो कळलाच नव्हता, साहेब," मी म्हटलं. "आज कळला. आज मान्य आहे."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि श्रीरंगकडे वळून तोच प्रश्न विचारला. त्याने उत्तर द्यायला एवढा वेळ लावला, की टंकलेखकाने मान वर करून पाहिलं.

"मान्य आहे," तो म्हणाला.

मेच्या अखेरीस निकाल लागला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की विनिपेगचा घटस्फोट दोन्ही पक्षांनी कोर्टापुढे येऊन स्वीकारला असल्याने तो इथेही ग्राह्य धरावा. निर्मलाताईंची समिती त्यानंतर आठवड्याने बसली आणि पहिल्या अर्जाचा मान ठेवून त्यांनी मैना मला दिली. अकोल्याच्या जोडप्यातल्या बाई समितीच्या बैठकीच्या दिवशी संस्थेच्या पायरीवर बसून होत्या. त्यांच्या समोरून मला जाता आलं नाही, मी मागच्या दाराने गेले. पुढे त्यांनाही एक मुलगा मिळाला, असं निर्मलाताईंनी सांगितलं.

श्रीरंग केव्हाच परत गेला होता. मी विमानतळावर सोडायला गेले नव्हते.

सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस पाऊस उघडल्यावर दवाखान्यात आल्या, पेशंटच्या बाकावर आपला नंबर येईपर्यंत बसून राहिल्या, आणि खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, "दाढ दुखते." दाढेला काही झालेलं नव्हतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "मग घरी चल तुझ्या. पोरीला पाहू दे."

दिवाळीच्या सुमारास विनिपेगहून एक पार्सल आलं. त्यात लहान मुलीचा कोट होता, लाल, आतून लोकरीचा, टोपीला मऊ केसांची झालर. नागपूरच्या कोणत्याही हिवाळ्यात घालता येणार नाही इतका जाड. सोबत चिठ्ठी नव्हती. मैनाने तो त्याच क्षणी अंगात घातला, चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि काढायला तयार होईना. ऑक्टोबरचं ऊन होतं. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले.

"काढ गं बाई, शिजशील," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. माझा आहे."

सासूबाईंनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग खुर्ची ओढली, कूलर सुरू केला आणि कोटातल्या मैनाला त्याच्यासमोर मांडीवर घेऊन बसल्या.